साठ सेंटिमीटरच्या टाकीत निसर्गातून पकडलेले ॲपिस्टोग्रामा: जागा कशी वाटावी?

काचघर

सर्वांना नमस्कार. गेली तीन वर्षे माझ्याकडे ॲपिस्टोग्रामा काकाटुऑइडिसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एका बुटक्या सिक्लिड माशाची, एक जोडी आहे. कित्येक पिढ्या टाकीतच जन्मलेली ती जोडी असल्याने नळाच्या पाण्यातही तिने दोनदा पिल्ले वाढवली, आणि त्यामुळे माझा स्वतःच्या कसबाविषयी थोडा गैरसमजही झाला असावा. आता अमेझॉनची उपनदी असलेल्या रिओ निग्रोच्या वरच्या अंगाला, वाउपेस नदीच्या परिसरात पकडलेले त्याच कुळातले ॲपिस्टोग्रामा एलिझाबेथी मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. नराच्या पाठीवरच्या पराचा तो उंच तुरा ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना माझा मोह समजावून सांगावा लागणार नाही.

अडचण जागेची आहे. घरात माशांसाठी एकच मांडणी ठेवता येते. तिच्या वरच्या फळीवर ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची टाकी आहे आणि खालच्या फळीवर ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची. तिसरी टाकी आणायची नाही, असे घरात ठरलेले आहे आणि ते मला मान्य आहे.

मी आखलेला बेत असा: मोठ्या टाकीत एलिझाबेथीचा एक नर आणि दोन माद्या, त्यांच्या सोबतीला डिक्रॉसस फिलामेंटोससचे चार मासे, आणि लहान टाकीत मिक्रोजिओफॅगस रामिरेझीची एक जोडी. हे दोन्हीही छोटे सिक्लिडच आहेत. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, २८० च्या आसपास असतो, पण आरओचे पाणी उपलब्ध आहे. निसर्गात एका नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात, असे सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून दोन माद्यांचा विचार केला. हे ६० सेंटिमीटरमध्ये निभेल का? आणि निसर्गातून आलेल्या माशांसाठी वेगळी विलगीकरणाची टाकी खरोखरच अडवून ठेवावी लागते का, की मोठ्या टाकीतच त्यांना सोडून, दुसरे काही न मिसळता, काही आठवडे नजर ठेवली तरी चालेल?

तळवासी

बेत वाचला. त्यातले मासे एकेकटे घेतले तर प्रत्येक निवड चांगली आहे. एकत्र घेतले तर मात्र तुमची मांडणी त्यांना पुरणार नाही.

या माशांच्या बाबतीत टाकी किती लिटरची आहे हा हिशेब बाजूला ठेवावा आणि तळ किती आहे तो मोजावा, कारण ॲपिस्टो आपले जवळजवळ सगळे आयुष्य तळाला, पानांच्या थरात आणि त्याच्या वर चार बोटे, एवढ्याच पाण्यात काढतात. निसर्गात ते ओढ्यांच्या काठाशी, घोट्याएवढ्या पाण्यातही सापडतात. तुमच्या टाकीचा तळ १८०० चौरस सेंटिमीटर आहे. अंडी घातलेली मादी आपल्या बिळाभोवती माझ्या अनुभवाप्रमाणे २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत कोणालाही फिरकू देत नाही, आणि त्यात नरही आला. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंदीच्या टाकीत एका मादीने अंडी घातली की टाकीचा अर्धा भाग पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत तिचा होतो. उरलेल्या अर्ध्या भागात नर आणि दुसरी मादी यांनी राहायचे असते. नराच्या हद्दीत अनेक माद्या असतात हे खरेच आहे, पण ती हद्द मोकळ्या ओढ्यातली असते आणि हरलेल्या मादीला तिथून निघून जाता येते. काचेच्या टाकीतून कोणाला कुठे जाता येत नाही.

हे मी फुकट शिकलो नाही. माझ्याकडे नेमक्या याच मापाच्या टाकीत ॲपिस्टोग्रामा अगासिझीचा एक नर आणि दोन माद्या होत्या. पहिले पाच महिने सगळे सुरळीत चालले. मग एका मादीने अंडी घातली, ती पिवळीजर्द झाली, आणि दुसरी मादी दिसेनाशी झाली. ती मला तिसऱ्या दिवशी सापडली: स्पंज फिल्टर आणि मागची काच यांच्यामधल्या बोटभर फटीत, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पर मिटून, डोके वर करून ती उभी होती. शेपटीच्या जागी चार काटे तेवढे उरले होते. ती वाचली, पण त्या टाकीत पुन्हा कधी तळाला गेली नाही; तिला दुसरीकडे हलवावे लागले.

म्हणून तुम्हाला एक पर्याय सुचवतो, ज्यात मांडणीवर एकही टाकी वाढत नाही. वरची टाकी बदलून ६० × ४५ सेंटिमीटर तळाची आणि ३० सेंटिमीटर उंचीची टाकी घ्यावी आणि तिच्यात पाणी २५ सेंटिमीटरच भरावे. हे पाणी साधारण ६७ लिटर होते, म्हणजे तुमची सध्याची टाकी काठोकाठ भरली तर जेवढे मावते जवळजवळ तेवढेच. तळ मात्र १८०० वरून २७०० चौरस सेंटिमीटरवर जातो. फळीवर वजनाचा फारसा फरक पडत नाही, फक्त फळीची खोली टाकीला पुरेशी आहे ना आणि टाकी पुढे लोंबकळत नाही ना, हे आधी टेपने मोजून घ्यावे. एवढे करूनही एका जोडीपेक्षा अधिक ॲपिस्टो मी तिच्यात ठेवणार नाही, निदान पहिले वर्षभर तरी.

डिक्रॉससचा विचार सोडून द्यावा. हे मासे घोळक्याने राहतात, चारच ठेवले तर त्यांतला दांडगा नर उरलेल्यांना कोपऱ्यात दाबतो, आणि त्यांना मोकळ्या वाळूवर लांबवर फिरायला जागा लागते. ८० सेंटिमीटरच्या आत मी ते कोणालाही सुचवलेले नाहीत. शिवाय तेही तळाचेच मासे आहेत, म्हणजे तुम्ही वाढवलेला तळ पुन्हा तेच खाणार. ॲपिस्टोंना सोबत हवीच असेल तर ती वरच्या थरातली असावी. नॅनोस्टोमस जातीचे सात-आठ पेन्सिलफिश पाण्याच्या वरच्या भागात निवांत तरंगताना दिसले की खालच्या जोडीला आसपास धोका नसल्याची खात्री पटते आणि ती उघड्यावर येते. कोरिडोरास, म्हणजे तळाला चरणारे छोटे मांजरमासे, मात्र टाळावेत. त्यांना हद्द ही कल्पनाच ठाऊक नसते. रात्री ते खुशाल बिळात शिरतात, अंडी खातात आणि मादीचा मार खातात.

मधलीफळी

तळवासी यांच्या मताचा आदर ठेवून एक वेगळा अनुभव नोंदवतो. माझ्याकडे ५४ लिटरच्या टाकीत ॲपिस्टोग्रामा बोरेलीचा एक नर आणि दोन माद्या दीड वर्षापासून आहेत आणि शेपटी फाटण्यापर्यंत कधीही वेळ आलेली नाही. टाकीच्या मधोमध लाकडाचा मोठा बुंधा आडवा टाकला आहे, त्यामुळे एका मादीला दुसरी दिसतच नाही. एकमेकींच्या नजरेआड ठेवल्या तर तंटा बराच कमी होतो.

तळवासी

नजर अडवण्याचा उपाय योग्यच आहे आणि तो जोडीसाठीही करायला हवा. पण बोरेली ही या कुळातली फार सोशिक जात आहे, ती पाराग्वे नदीच्या बाजूची आहे आणि तुलनेने थंड पाण्यात राहते. तिच्यावरून एलिझाबेथीचा अंदाज बांधू नये. टाकीत जन्मलेल्या माशाला काचेची सवय जन्मापासून असते, तर पकडून आणलेल्या माशाला महिन्याभरापूर्वीपर्यंत काच माहीतच नव्हती, हाही फरक आहेच.

काळंपाणी

जागेविषयी वर सगळे आले आहे. मी विलगीकरण आणि पाणी या दोन गोष्टींवर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या बेतातली मोठी चूक तिथे आहे.

लहान टाकीत रामिरेझी ठेवू नका. ती टाकी रिकामी असणे हीच तुमच्याकडची सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. निसर्गातून पकडलेला मासा पकडणाऱ्याच्या डबक्यातून साठवणीच्या टाक्यांत, तिथून निर्यातदाराकडे आणि मग आयातदाराकडे असा प्रवास करून तुमच्यापर्यंत येतो, आणि या वाटेवर तो बहुधा उपाशी असतो. त्याच्या अंगातले जंत आणि कल्ल्यांवरच्या कृमी निसर्गातही असतात, पण धडधाकट असताना त्या त्याला पेलतात. खंगलेल्या माशाला पेलत नाहीत. चार ते सहा आठवडे त्याला अशा टाकीत ठेवावे, जिथे तळ उघडा आहे आणि विष्ठा डोळ्यांनी दिसते. वाळू आणि पानांनी भरलेल्या मुख्य टाकीत तुम्ही कितीही नजर ठेवली तरी नेमके हेच दिसणार नाही. विलगीकरणाच्या टाकीत वाळवलेली चार पाने, मातीची उपडी कुंडी किंवा प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, आणि महिनाभर आधीपासून दुसऱ्या टाकीत चालवलेला स्पंज फिल्टर एवढेच असावे.

काय पाहायचे तेही सांगतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आणि पारदर्शक असेल तर आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचा संशय घ्यावा. तिथे मेट्रोनिडाझोल लागते. मासा भराभर श्वास घेत असेल किंवा एका बाजूचे कल्ल्याचे झाकण दाबून धरत असेल तर कल्ल्यांवर कृमी असू शकतात आणि प्राझिक्वांटेल उपयोगी पडते. मासा स्थिर उभा असताना गुदद्वारातून लालसर, सुईच्या टोकाएवढे दोन-तीन धागे बाहेर डोकावतात आणि तो हलला की आत जातात, असे दिसले तर ते कॅमॅलॅनस जंत आहेत. त्यांच्यावर लेव्हामिसोल वापरतात. हे औषध जंतांना मारण्यापेक्षा लुळे करते, ते सुटून तळाला पडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तळ नळीने ओढून काढणे हा उपचाराचाच भाग आहे; तो चुकला तर मासे तेच जंत पुन्हा गिळतात. प्रकाशात हे औषध निकामी होत जाते, त्यामुळे दिवा बंद ठेवून टाकी झाकावी, आणि दोन-तीन आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्यावी. काहीही लक्षण नसताना तीनही औषधे एकदम ओतणारे लोक मी पाहिले आहेत. प्रवासातून आलेला मासा त्याने दगावतो आणि दोष ‘वाइल्ड’ या शब्दाला लागतो.

आता पाणी. रिओ निग्रोच्या पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जितके कमी तितकी ती कमी) साधारण १० मायक्रोसीमेन्स आणि पीएच ४ ते ५ च्या दरम्यान असतो. चहासारखा रंग असलेले हे पाणी क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ पावसाचेच पाणी आहे. तुमच्या नळाचे पाणी त्यापुढे भिंतीसारखे आहे. मासे नुसते ठेवायचे असतील तर तो १० चा आकडा गाठण्याचा अट्टाहास नको. आरओच्या पाण्यात नळाचे थोडेसे पाणी मिसळून ५० ते ८० मायक्रोसीमेन्स आणि ५.५ ते ६ पीएच राखला, तापमान २६ अंशांच्या आसपास ठेवले, तरी ते चांगले राहतात. अंड्यांच्या वेळी मात्र याहून खाली जावे लागते, कारण कठीण पाण्यात मादी अंडी घालते आणि दोन दिवसांत ती पांढरी पडून बुरशीने भरतात.

या पाण्याचा एक धोका नवख्यांना ठाऊक नसतो. पीएच ६ च्या खाली गेला की अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात, आणि ५ च्या आसपास त्यांचे काम बहुतेक टाक्यांत जवळजवळ थांबते. फिल्टर फिरत असतो, पण तो पाणी फक्त ढवळत असतो. एवढे होऊनही मासे मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. अशा टाकीत कोणी एखाद्या रविवारी उत्साहाने अर्धे पाणी काढून नळाचे पाणी ओतले, तर जे अमोनियम महिनाभर मुकाट्याने साठत होते ते तासाभरात विष होते. म्हणून पाणी थोडे आणि नेमाने बदलावे, आठवड्यातून दोनदा दहा टक्के, आणि ते आधीच तयार करून, पाने घालून, दोन दिवस मुरवलेले असावे. वर तरंगणाऱ्या वनस्पती भरपूर ठेवाव्यात; साल्व्हिनियासारखी वनस्पती अमोनियम थेट शोषून घेते आणि उजेडही मंद करते, जो या माशांना हवाच असतो.

हाच न्याय पिशवी उघडतानाही लागू आहे. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि अमोनियम जमते. पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसले तर वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि मासा त्याच पिशवीत भाजून निघतो. विक्रेत्याकडून पाण्याची विद्युतवाहकता आधी विचारून घ्यावी, विलगीकरणाच्या टाकीचे पाणी तेवढेच तयार ठेवावे, पिशवी न उघडता तापमान जुळवावे, आणि उघडल्यावर पाचदहा मिनिटांत मासा आत, पिशवीतले पाणी बाहेर.

काचघर

तिघांचेही मनापासून आभार. मांडणीची फळी मोजली, ती ५० सेंटिमीटर खोल आहे, त्यामुळे ६० × ४५ ची टाकी तिच्यावर बसेल. डिक्रॉसस आणि रामिरेझी दोन्ही रद्द केले आहेत. लहान टाकी विलगीकरणासाठी आजच रिकामी करून स्पंज फिल्टर काकाटुऑइडिसच्या टाकीत चालू केला. ती जोडी ओळखीच्या एका हौशी पालकाकडे जाईल.

आता दोन शंका उरल्या आहेत. विलगीकरण संपल्यावर तरी लहान टाकीत काही ठेवावे, की ती तशीच ठेवावी? दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. एवढा खटाटोप पाहता मी टाकीत जन्मलेली एलिझाबेथी शोधावी का? निसर्गातून मासे काढण्याचा विचार मनाला थोडा टोचतोही आहे.

पानगळ

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. पकडलेला मासा म्हणजे निसर्गाची लूट, असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. रिओ निग्रोवरच्या बार्सेलोस या गावाच्या परिसरात शोभेचे मासे पकडणे हे कित्येक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे, आणि मासे मिळत राहायचे तर काठावरचे जंगल उभे राहायला हवे, हे तिथल्या लोकांना सांगावे लागत नाही. १९८९ पासून तिथे ‘प्रोजेक्ट पियाबा’ हे काम याच विचारावर चालू आहे. तिथला मुख्य मासा कार्डिनल टेट्रा आहे, ॲपिस्टो त्या मानाने किरकोळ. पण तत्त्व तेच. उलट मासे कुठून आले हे ज्याला सांगताच येत नाही, अशा माणसाकडून ते घेऊ नयेत.

तुम्ही टाकीत जन्मलेले मासे घ्या किंवा पकडलेले, माझे म्हणणे एवढेच की पकडलेले घेतलेत तर त्यांच्याकडून पिल्ले मिळवण्याच्या तयारीनेच घ्यावेत. हे मासे फार तर तीन-चार वर्षे जगतात, आणि तुमच्याकडे येताना ते पूर्ण वाढलेले असतात, म्हणजे त्यातले एक वर्ष आधीच संपलेले असते. पकडल्याच्या ठिकाणाचे नाव चिठ्ठीवर लिहून टाकीला चिकटवावे, आणि दुसऱ्या ठिकाणच्या माशाशी त्यांचा संकर होऊ देऊ नये.

आता लहान टाकी. ती रिकामीच ठेवावी, म्हणजे पाणी आणि फिल्टर चालू, मासे नाहीत. विलगीकरण संपले की तिचे दुसरे काम सुरू होते. मादीने अंडी घातली की तिचा रंग एकाएकी पिवळा होतो, अंगावरच्या काळ्या खुणा ठसठशीत दिसू लागतात आणि ती बिळाच्या तोंडाशी ठाण मांडते. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. नर एरवी तिच्या दीडपट मोठा असतो, पण या दिवसांत तीच त्याला पळवते. नर वरच्या कोपऱ्यात तासन्‌तास उभा राहू लागला, त्याचे पर मिटलेले दिसले, की वाट न पाहता त्याला खालच्या टाकीत हलवावे. दोन्ही टाक्यांचे पाणी एकसारखे ठेवलेले असेल तर ही हलवाहलव पाच मिनिटांची आहे, आणि लहान टाकीत रामिरेझी असते तर ती अशक्य होती. नंतर पिल्ले सेंटिमीटरभर झाली की नर वर आणि पिल्ले खाली, अशी अदलाबदल करता येते.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्याची अंड्यांतून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले चालतात, पण मी सोबत मायक्रोवर्म हे सूक्ष्म किडेही देतो. पानांचा थर जाड असेल तर त्यावरच्या बुळबुळीत थरात पिल्ले दिवसभर टिपत राहतात. भर दुपारी पाहिले तर पंचवीस-तीस ठिपके एकाच कुजक्या पानावरून मादीच्या मागे सरकताना दिसतात आणि ती पर झटकून थांबली की सगळे एकदम पानाला चिकटतात. पाने देशी बदामाची असोत वा ओकची, झाडावरून आपोआप गळलेली आणि वाळलेली असावीत. हिरवी पाने पाण्यात सडतात.

तापमानाविषयी एक सूचना. या कुळातल्या अनेक जातींत पिल्ले नर होणार की माद्या हे सुरुवातीच्या आठवड्यांतले तापमान बऱ्याच अंशी ठरवते, आणि काही जातींत पीएचचाही त्यात हात असतो. पाणी २९ अंशांवर ठेवले तर नर जास्त निघतात, २३ च्या आसपास माद्या. पिल्ले लवकर वाढावीत म्हणून हीटर चढवून ठेवणाऱ्यांच्या हाती मग वीस नर आणि दोन माद्या येतात, आणि ते वीस नर ठेवायला जागा कोणाकडेच नसते. २६ वरून हलू नये.

काचघर

हे सगळे लिहून घेतले आहे. नर हलवताना त्याला त्रास होऊ नये म्हणून काही विशेष काळजी घ्यावी का? काकाटुऑइडिसच्या वेळी जाळीत त्याचे पर अडकले होते.

पानगळ

जाळी वापरूच नका. तोंड रुंद असलेली काचेची पारदर्शक बरणी तळाला आडवी ठेवावी आणि हाताने, घाई न करता, नराला तिच्याकडे वळवावे. दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने तो सुस्त झालेला असतो, तेव्हा हे काम सर्वांत सोपे जाते. बरणी पाण्याबाहेर काढताना तिच्या तोंडावर तळहात ठेवावा. हे मासे उडी मारतात.